गुरुवारचे पान

दिवाळीच्या आठवड्यात आमच्या भागातल्या बालगृहात फराळाची जी गर्दी उडते ती एकदा पाहण्यासारखी असते. वसुबारसेपासून डबे येऊ लागतात. धनत्रयोदशीपर्यंत कचेरीतले टेबल भरते, मग कपाटाचा माथा, मग शिवणाचे यंत्र. आणि नरकचतुर्दशीला तर चिवड्याच्या पिशव्या हजेरीपटांवर ठेवाव्या लागतात. देणाऱ्या मंडळींच्या मनात काही वाईट नसते. मुलांना ओळीत बसवायचे, हातात एकेक लाडू द्यायचा, फोटो काढायचा आणि समाधानाने मोटारीत बसायचे, एवढाच त्यांचा कार्यक्रम. एका पाडव्याला तिथल्या अधीक्षिकाबाई मला म्हणाल्या, "सर, साठ मुलांत वीस जणांची पोटं बिघडलीत आणि आमचे डॉक्टर दिवाळीला गावी गेलेत. हेच डबे जूनमध्ये कुणी आणले, तर मी त्यांची आरती ओवाळीन."

जून म्हणजे शाळा सुरू होण्याचा महिना. तेव्हा साठ जोडी पायांचे नंबर बदललेले असतात, चष्म्यांच्या काड्या मोडलेल्या असतात, आतले कपडे विरलेले असतात आणि उवांचे औषध संपलेले असते. पण उवांच्या औषधाबरोबर फोटो चांगला येत नाही. त्यामुळे जूनमध्ये तिथे कोणी फिरकत नाही.

मी तिथे कसा पोहोचलो ते सांगतो. दहा वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेचे काम प्राचार्यांनी माझ्या गळ्यात घातले. मराठीच्या प्राध्यापकाला तसे काम कमीच, असा सर्व प्राचार्यांचा समज असतो. आणि तो खोडून काढण्याच्या भरीस पडू नये, नाही तर ग्रंथालयाचीही जबाबदारी येते. विद्यार्थ्यांना घेऊन बालगृहाची भिंत रंगवायला गेलो. भिंत दोन दिवसांत रंगली, विद्यार्थी पांगले, आणि मी मात्र 'दर शनिवारी मराठी शिकवायला येईन' असे बोलून बसलो.

मुलांनी पाहुण्यांची वर्गवारी करून ठेवली होती, ती मला सहा महिन्यांनी कळली. 'केकवाले' म्हणजे आपल्या मुलाचा वाढदिवस इथे येऊन साजरा करणारे. 'गोष्टवाले' म्हणजे बोध करणारे. 'फोटोवाल्यां'चा अर्थ सांगायला नको. चौथा वर्ग 'परतवाल्यां'चा, म्हणजे जे परत येतात त्यांचा. त्यात फार थोडी नावे होती: दूधवाला, जवळच राहणाऱ्या एक निवृत्त परिचारिका आणि पेटी शिकवणारे एक आजोबा. नवा माणूस आला की तो परत येईल की नाही यावर पैजा लागत. माझ्यावरही लागल्या होत्या म्हणे. कोण जिंकले ते मी विचारले नाही.

शनिवारी मी त्यांच्याकडून शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेई. आपल्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत पत्रलेखनाचा एक प्रश्न हटकून असतो, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या बदललेला नाही. 'सहलीसाठी पैसे मागणारे पत्र वडिलांस लिहा.' किंवा, 'सुट्टीत गावी येत असल्याचे मामांना कळवा.' आमच्या पंतोजींनीही आम्हांला हेच घातले होते आणि मला त्यात कधी काही वावगे दिसले नव्हते. त्या खोलीत मात्र प्रश्न वाचून झाल्यावर दोन क्षण कोणी पेन उचलले नाही. मग सगळ्यांनी मान खाली घालून लिहायला सुरुवात केली. एक अकरा वर्षांचा मुलगा होता. त्याने तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार घातला, आईच्या पायाची सूज विचारली, धाकटीला खाऊ द्यायला सांगितले आणि रायगडच्या सहलीसाठी पैसे मागितले. हा मुलगा साधारण चार वर्षांचा असताना पुणे स्टेशनवर सापडलेला. त्याचे आई-बाप, बहीण कोणीही आजवर कोणाला आढळलेले नाही. पत्र निर्दोष होते. फक्त वरच्या उजव्या कोपऱ्यात पत्ता नव्हता.

मी म्हटले, "अरे, पत्त्याचा अर्धा गुण जातो."

तो म्हणाला, "सर, इथला पत्ता लिहिला तर तपासणाऱ्याला कळेल ना."

मी फळ्यावर माझ्या घराचा पत्ता लिहिला आणि सगळ्यांना सांगितले, परीक्षेत हाच घाला. तेव्हापासून कितीतरी मुलांनी आमच्या घरून आपापल्या वडिलांना पत्रे लिहिली आहेत. शाळेतल्या एका बाईंनी हसत हसत मला विचारलेही, "सर, तुमच्या घरात राहतात तरी किती जण?"

भाषेची माणसे शब्दापाशी अडतात, तसा मी 'अनाथ' या शब्दापाशी बरेच दिवस अडलो. नाथ नाही तो अनाथ. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये 'अनाथ बालिकाश्रम' ही संस्था काढली, तेव्हा तिच्यापुढे प्रामुख्याने बालविधवा होत्या. म्हणजे तिथे नाथ याचा अर्थ नवरा. पुण्यात १९०९ साली निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने पुढे आपल्या नावातून तो शब्दच काढला आणि 'पुणे विद्यार्थी गृह' म्हणवून घेतले. मला वाटते, तिथे राहणाऱ्या मुलांनाही तेच बरे वाटले असेल. आज बालगृहाच्या पाटीवर हा शब्द नसला तरी देणाऱ्यांच्या तोंडी असतोच, आणि तो बहुतेक वेळा खराही नसतो. आमच्या त्या साठ मुलांत आई आणि बाप दोन्ही नाहीत अशी मुले बोटांवर मोजण्याइतकी. बाकीच्यांना कोणी ना कोणी आहे. कोणाचा बाप तुरुंगात, कोणाची आई बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली आणि पोराला ठेवायला जागा नाही, कोणाला फक्त आजी आणि आजीला दिसत नाही. त्यांना माणसे आहेत, पण ती माणसे त्यांना पोसू शकत नाहीत.

हे कायद्यालाही कळते. २०१५ सालच्या बालन्याय कायद्यात संस्था हा शेवटचा उपाय मानलेला आहे. आधी मूल आपल्या माणसांत कसे राहील ते पाहायचे. मुलाला घरीच, नाही तर नातेवाइकाकडे सांभाळण्यासाठी दरमहा काही रक्कम देणारी बालसंगोपन योजना महाराष्ट्रात आहे. पण तिचा अर्ज, त्याला जोडायचे दाखले, बँकेचे खाते, हे सगळे त्या गवंड्याच्या हाताखालच्या बाईने कामाचा दिवस बुडवून करायचे असते. आपल्या घरी येणाऱ्या मोलकरणीच्या ओळखीत असे एखादे घर सहज निघेल. तिचा अर्ज नीट भरून दिला, तिच्याबरोबर एकदा त्या कचेरीत गेले, तर एक मूल बालगृहात यायचेच टळते. फराळाच्या डब्याला हे जमणारे नाही.

रस्त्यावर एकटे मूल दिसले तर काय करायचे हेही आपल्याला नीट माहीत नसते. आपण एक तर नाणे देतो, नाही तर तोंड फिरवतो. मुंबईत १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेतून चाइल्डलाइनचे काम सुरू झाले, त्याचा क्रमांक १०९८. रस्त्यावरची मुले त्याला 'दस नौ आठ' म्हणत. तो क्रमांक आजही तोच आहे. २०२३ पासून ती सेवा सरकारने आपल्याकडे घेतली आहे. फोन केला की माणूस येतो आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मुलाला बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. मुलाचे काय करायचे ते समिती ठरवते. दया आली म्हणून मूल परस्पर घरी नेऊन ठेवता येत नाही. २०२१ च्या मे महिन्यात, करोनाची दुसरी लाट भरात असताना, 'दोन दिवसांची मुलगी, आई-वडील दोघेही गेले, कोणाला हवी असल्यास या क्रमांकावर फोन करा' असले निरोप माझ्याही मोबाइलवर आले. पुढे पाठवणारी माणसे सुशिक्षित होती. असे मूल देणे आणि घेणे हा गुन्हा आहे, आणि मुलांचा व्यापार करणाऱ्यांना याहून सोपा रस्ता कोणता? त्याच वर्षी दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे राज्य सरकारने पाच लाखांची ठेव ठेवली, ते योग्यच झाले. पण ठेव मुलाला 'जेवलास का?' असे विचारत नाही.

आता माझ्या आजोबांची गोष्ट सांगायला हवी. आजोबा म्हणजे आईचे वडील. कोकणात जन्म, आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझात चार वर्षांच्या या पोराचे आई-बाप आठ दिवसांच्या अंतराने गेले. काकाने तेरा वर्षांचा होईपर्यंत सांभाळले आणि मग एक पत्र्याची पेटी देऊन पुण्याला पाठवले. पुण्यात त्यांनी वार लावले. आजच्या मुलांना 'वार' म्हटले की तलवारच आठवेल, म्हणून सांगतो: गरीब विद्यार्थ्याने आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवायचे, प्रत्येक घराचा वार ठरलेला, याला वार लावून जेवणे म्हणत. कोणाच्या घरी सुतक आले, कोणी गावाला गेले, की तो दिवस पाण्यावर. आजोबांना सहाच घरे मिळाली. मंगळवार मोकळा होता. लोकांनी विचारू नये म्हणून त्यांनी मंगळवारी गणपतीचा उपास धरला. पुढे नोकरी लागली, घर झाले, सहा मुले झाली, तरी मंगळवारचा उपास चालूच. आईला लहानपणी वाटे, आपले वडील मोठे गणेशभक्त. खरे कारण तिला तिच्या लग्नानंतर कळले, तेही आजीकडून.

त्या सहा घरांपैकी पाच घरांबद्दल आजोबा कधी काही बोलले नाहीत. बोलत ते गुरुवारच्या घराबद्दल. तिथली बाई भातावर तूप वाढताना हात आखडता घेत नसे, आणि उशीर झाला तर 'का रे, आज कुठे होतास?' म्हणून रागे भरत असे. 'मला रागे भरणारं पुण्यात तेवढं एकच माणूस होतं,' असे ते म्हणत.

वाराचे कौतुक करताना एक गोष्ट लपवू नये. वार मुलाच्या भुकेला मिळत नसे, जातीला मिळे. आजोबांच्याइतकाच भुकेला, पण दुसऱ्या जातीतला मुलगा त्या ओसरीवर चढूही शकला नसता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, तिथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचे मूल दत्तक घेऊन यशवंत म्हणून वाढवले आणि डॉक्टर केले. इतके मोठे मन त्या काळच्या आमच्या वाड्यांत नव्हते. वाराची भिंत ओलांडली ती भाऊराव पाटलांनी. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले, एका पंगतीत जेवू घातले, आणि कोठी रिकामी झाली तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले. आजोबांना हे ठाऊक होते. 'मला जे मिळालं ते सगळ्यांना मिळत नव्हतं,' असे ते म्हणत, आणि त्या विषयावर एवढेच म्हणत.

पत्रावर पत्ता न घालणारा तो मुलगा अठरा वर्षांचा झाला. अठरा पुरी झाली की बालगृह सुटते. पुढे एकवीसपर्यंत राहण्यासाठी अनुरक्षण गृहे असतात. ती थोडी आहेत, पण याला जागा मिळाली. त्याने आमच्याच कॉलेजात वाणिज्य शाखेत नाव घातले. प्रवेशाच्या टेबलावर मीच होतो. अर्जात वडिलांचे संपूर्ण नाव, आईचे नाव, कायमचा पत्ता, जात, जन्मस्थळ. त्याच्याजवळ अनाथ असल्याचे शासकीय प्रमाणपत्र होते. असे प्रमाणपत्र असलेल्यांना सरकारी नोकरीत एक टक्का जागा राखून ठेवण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०१८ मध्ये घेतला, तेव्हापासून त्या कागदाला वजन आले आहे. पण आमच्या संगणकाला ते ठाऊक नव्हते. वडिलांच्या नावाची चौकट रिकामी ठेवली की तो अर्ज पुढे सरकू देईना. कारकून म्हणाला, "काहीतरी टाक रे." मुलगा शांतपणे म्हणाला, "साहेब, मी लहानपणी पुष्कळ वेळा काहीतरी टाकलंय. आता नको." शेवटी प्रमाणपत्र घेऊन मी वरपर्यंत गेलो आणि तीन दिवसांनी ती चौकट रिकामी राहिली.

त्याची जन्मतारीख १ जून. डॉक्टरांनी वयाचा अंदाज सांगितला आणि तारीख नेहमीची पडली. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीत १ जूनला जन्मलेली माणसे इतकी का, याचे उत्तर शाळेच्या मास्तरांपाशी आहे. माझ्या आजोबांचीही तारीख तीच. हे मी घरी सांगितले तेव्हा आई भाजी निवडत होती. ती एकदम म्हणाली, "त्याला एक वार दे."

मला आधी समजलेच नाही.

"अरे, वार म्हणजे वार. गुरुवारी रात्री जेवायला येऊ दे. आता तो सज्ञान आहे, कुणाची परवानगी नको. आणि पाहुणा म्हणून नको बोलावूस. गुरुवार त्याचा."

आमच्या सौभाग्यवतींनी हातातली कणीक बाजूला ठेवली. त्या बँकेत असल्यामुळे मुदतीचा विचार आधी करतात. "किती दिवस?" त्यांनी विचारले. "चार गुरुवार करून मग परीक्षा, मग लग्नसराई, मग पाहुणे, असं होणार असेल तर सुरूच करू नका. त्याला असल्या माणसांची काही कमी पडलेली नाही." मग थोड्या वेळाने, "गुरुवारी मला यायला उशीर होतो. कुकर तुम्ही लावायचा."

अशा रीतीने गेली तीन वर्षे गुरुवारी मी कुकर लावतो.

पहिले दोन महिने अवघड गेले. तो बरोबर आठला येई, मोजून तीन पोळ्या खाई, ताट घासायला उठे आणि साडेआठला निघे. आभार मानी. आभार मानले की आईचा चेहरा पडे. त्याला कोणी वाढले की तो हात आडवा धरी. संस्थेत वाढलेल्या मुलाला पुरवून खायची सवय असते. आमची कन्या तेव्हा नववीत होती. तिला हे सोज्ज्वळ प्रकरण फारसे पसंत पडले नव्हते. एका गुरुवारी डब्यात पापड एकच उरला होता, दोघांचेही हात एकदम गेले आणि त्याने सवयीने हात मागे घेतला. कन्या म्हणाली, "घ्या, म्हणजे पुन्हा मीच वाईट!" त्यावर तो प्रथमच मोठ्याने हसला आणि त्याने सबंध पापड उचलला. तिने आरडाओरडा केला. आई आतून म्हणाली, "भांडू नका रे." आईचा तो आवाज मी फार वर्षांनी ऐकला, मी आणि माझा भाऊ लहान असताना ती या आवाजात बोलत असे.

तो आईला आजी म्हणतो, सौभाग्यवतींना काकू. मला मात्र अजून सरच म्हणतो, आणि मला त्यात काही उणे वाटत नाही. नाते काय ते ज्याचे त्याला ठरवू द्यावे. आम्ही त्याला मुलगा मानतो असे मी कोणाला सांगत नाही. मानलेल्या मुलाला मालमत्तेत वाटा देत नाहीत, हे त्यालाही कळते. आम्ही त्याला गुरुवार दिला आहे, आणि तो खरोखरीचा दिला आहे: त्या रात्री आम्ही नाटकाला जात नाही, कोणाकडे बारशाला गेलो तरी आठच्या आत घरी येतो. नातेवाइकांना याचा राग येतो, तो येऊ द्यावा.

या जूनच्या पहिल्या तारखेला तो एकवीस वर्षांचा झाला. पदवी मिळाली होती, एका हिशेबतपासनिसाच्या कचेरीत नोकरीही लागली होती. अनुरक्षण गृहातून पेटी उचलायची वेळ आली. दोन मित्रांबरोबर हडपसरकडे खोली पाहिली. मालक भला होता, पण त्याने विचारले, "घरी कोण असतं?" मुलगा गप्प राहिला. माझ्या डोळ्यांपुढे ती पत्राची कोपऱ्यातली रिकामी जागा उभी राहिली. भाडेकराराच्या कागदावर कायमचा पत्ता मागतात, अडीअडचणीला फोन कोणाला करायचा ते मागतात, पोलिसांकडे द्यायची माहिती मागतात. आपल्या मुलांना हे प्रश्न कधी ऐकूच येत नाहीत. दोन्ही ठिकाणी मी सही केली. अनामत रकमेपैकी काही आईने आपल्या निवृत्तिवेतनातून दिली; उसनी, हे तिने दोनदा सांगितले. तो दर महिन्याला पाचशे रुपये फेडतो आणि ती ते वहीत मांडते.

त्याच्याबरोबर बाहेर पडलेल्या एका मुलाला खोली मिळाली नाही. तो सध्या एका खानावळीत काम करतो आणि रात्री तिथेच बाके जोडून निजतो. सौभाग्यवतींच्या बँकेतल्या एका बाईंनी त्याला रविवार दिला आहे. दुसऱ्या एकीने विचार करते म्हणून सांगितले आहे.

गेल्या महिन्यात एका गुरुवारी आठ वाजले, साडेआठ वाजले, तो आला नाही. फोन लागेना. तीन वर्षांत असे कधी झाले नव्हते. आई दाराशी जाऊन आली. नऊला आम्ही पाने घेतली, त्याचे पान झाकून ठेवले. कोणी फारसे बोलले नाही. सौभाग्यवती मध्येच म्हणाल्या, "पाऊस आहे, वाहतूक अडकली असेल." पाऊस नव्हता.

शुक्रवारी सकाळी सात वाजता दारात हजर. कचेरीतल्या मित्रांबरोबर सिनेमाला गेला होता, फोनची बॅटरी संपली, आणि खरे सांगायचे तर विसरला. तो अजून चपला काढतो आहे तोवर आईने सुरुवात केली. कळवायची पद्धत असते की नाही, म्हाताऱ्या माणसाने रात्रभर जागायचे का, सिनेमा पळून जात होता का. मी मध्ये पडणार होतो, पण सौभाग्यवतींनी डोळ्यांनी खुणावले. तो खाली मान घालून सगळे ऐकत राहिला. मग आई श्वास घ्यायला थांबली तेव्हा त्याने विचारले, "आजी, कालचं पान आहे का अजून?"

"आहे. शिळं आहे. गरम करून घे तुझं तू," आई म्हणाली, आणि तुपाची बरणी काढायला आत गेली.